तांबड्या डब्याची अदलाबदल

१

“हा डबा माझा नाही,” केशवराव हेडाऊ म्हणाले आणि हातातला डबा त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

वरच्या खोलीत त्या सकाळी बांधाबांध चालली होती. काचेच्या कपाटातली छोटी मालगाडी एकेक डबा करून बाहेर निघत होती. जानकीबाई डबे जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळत होत्या आणि संजीव ते थर्मोकोलच्या खोक्यात बसवत होता. नागपूरच्या एका रेल्वे संग्रहालयाने ती गाडी मागून घेतली होती. त्यांची माणसं येत्या आठवड्यात मोहाडीला येणार होती.

गाडी केशवरावांनी स्वतः बनवली होती. मँगनीज वाहणारे उघडे डबे, तेलाची टाकी, गुरांचा डबा, शेवटी गार्डाचा डबा. लांबी प्रत्येकी बोटभर. सगळे रेझिनचे, साच्यात ओतलेले, कानशीने घासलेले आणि बारीक ब्रशाने रंगवलेले. इंजिनाच्या मागे असायचा तो तांबडा चारचाकी बंद डबा. हाच त्यांनी बनवलेला सगळ्यांत पहिला.

“तुमचा नाही म्हणजे?” संजीवने विचारलं. “तोच तर आहे, बाबा. तोच नंबर, तेच दार. धूळसुद्धा तीच.”

“सगळं तेच आहे. पण हा माझा नाही. कोणीतरी बदलून ठेवला.”

संजीवने आईकडे पाहिलं. जानकीबाईंनी नजर लुगड्याच्या तुकड्यावर ठेवली. अलीकडे केशवराव नावं विसरत. सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारत. मागे एकदा चष्मा डोळ्यांवर असताना त्यांनी सगळं घर चष्म्यासाठी पालथं घातलं होतं.

“बाबा,” संजीव हळू आवाजात म्हणाला, “आपण एकदा डॉक्टरले दाखवून येऊ. चांगले डॉक्टर आहेत नागपूरले.”

केशवराव खुर्चीवर बसले आणि त्या डब्याकडे बघत राहिले. डबा चोरीला गेला याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती ही होती की कदाचित संजीवचंच खरं असेल.

थोड्या वेळाने त्यांनी भंडाऱ्याला फोन लावला.

“करुणाबाई, एक दावा आहे. माल पूर्ण पोचला, सील शाबूत आहे, तरी चोरी झाली. येता का?”

२

करुणा निपाने रेल्वेच्या दावे विभागात होत्या. डब्यात माल चढला तेवढा उतरला नाही की व्यापारी दावा करायचे, आणि मग करुणाबाई चौकशीला निघायच्या. सील तपासायचं, लेबल वाचायचं, हमालाशी बोलायचं. केशवरावांशी ओळख अशीच झाली. तुमसर रोड स्टेशनाच्या मालधक्क्यावरून निघालेला त्यांचा लुगड्यांचा एक गठ्ठा कुठे पोचलाच नव्हता. करुणाबाई दुकानात आल्या, चहा घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “गठ्ठा शिवला कोणी?” त्या प्रश्नाच्या दोरीने गठ्ठा सापडलाही. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं होतं.

आता मालधक्का बंद पडला होता. मोहाडीचा गठ्ठा आता टेम्पोने जातो. स्टेशनावरून कंटेनरच्या लांबच लांब गाड्या न थांबता निघून जातात. तांबडे चारचाकी डबे तर कधीच भंगारात गेले. करुणाबाईंना ते डबे फक्त या वरच्या खोलीत भेटत. त्यामुळे फोन आला तशी त्यांनी पहिली बस धरली.

“कसं कळलं तुम्हाला, डबा बदलला म्हणून?” त्यांनी विचारलं.

“तेच तर सांगता येत नाही. उचलला आणि वाटलं, हा परका आहे. बस.” केशवरावांचा आवाज पडला. “संजीव म्हणतो डॉक्टरले दाखवा.”

“डॉक्टर नंतर. आधी मला सांगा, डबा बनतो कसा? पहिल्यापासून.”

केशवरावांचा चेहरा जरा उघडला. त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून रबराचा एक साचा काढला. आधी एक नमुना डबा बनवायचा, प्लास्टिकच्या पत्र्याचा, एकेक रिव्हेट चिकटवून. त्याच्यावर पातळ रबर ओतलं की साचा तयार होतो. मग दोन बाटल्यांतले दोन द्रव एकत्र ढवळायचे. बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर दाराला भोक पडतं. ओतल्यावर रेझिन हातात धरवत नाही इतकं तापतं आणि बघता बघता घट्ट होतं. बाजू, छत, तळ असे सुटे भाग निघतात. ते साबणाच्या पाण्यात धुवायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, मग रंग. चाकं पितळेची, ती वेगळी बसवायची.

“आणि एका साच्यातून किती डबे निघतात?”

“साचा म्हातारा होतो हो, माणसासारखा. हे बघा.” त्यांनी तळाच्या साच्याचा कोपरा दाखवला. रबर तिथे फाटलं होतं. “सुरुवातीचे नग चांगले निघाले. मग हे फाटलं. आता प्रत्येक तळाला इथे रेझिनचा उंचवटा येतो. घासून काढावा लागतो.”

करुणाबाई उठल्या. टेबलावरचा डबा त्यांनी उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. त्या बराच वेळ तळ न्याहाळत राहिल्या.

“केशवराव, तुमचा डबा पहिला. म्हणजे साचा नवा असतानाचा.”

“हो.”

“मग याच्या कोपऱ्यात कानशीच्या खुणा कशा?”

केशवरावांनी डबा घेतला, चष्मा वर केला, डोळ्याजवळ नेला. तांबड्या रंगाखाली, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाहीत अशा, बारीक रेघा होत्या.

“तुमचं डोकं जागेवर आहे,” करुणाबाई म्हणाल्या. “डबा खरंच बदललाय.”

३

कपाटाची किल्ली खिळ्याला लटकत असायची आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. खोली एरवी बंदच. पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी, गावात पाहुणे आणि दंडारीचं लोकनाट्य येतं तेव्हा, केशवरावांनी ती मुद्दाम उघडी ठेवली होती. गाडी जाणार म्हणून लोकांनी शेवटची पाहून घ्यावी. निम्मी मोहाडी जिना चढून गेली होती.

“पण निम्म्या मोहाडीकडे तुमच्या साच्यातला डबा नाही,” करुणाबाई म्हणाल्या. “कोणाकडे आहे?”

“सुट्या भागांचे काही संच बाहेरगावी पाठवले, पार्सलने. इथे जवळ दोघांनाच दिले. एक रेणूला, ती तुमसरच्या कॉलेजात गणित शिकवते. हातात कला आहे पोरीच्या. आणि एक देवाजीला. पण त्याचा तसाच पडून असेल. त्याच्या डोळ्याला दिसत नाही.”

“घरात?”

“एक संच माळ्यावर असावा.”

माळ्यावर खोकं होतं. वर धुळीचा थर होता आणि झाकणावर धुळीत बोटं उमटली होती. आत काहीच नव्हतं.

त्या दुपारी करुणाबाई खाली दुकानात गेल्या. संजीव गिऱ्हाइकापुढे करवतकाठी लुगडं उलगडून बसला होता. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी रिकामं खोकं गादीवर ठेवलं.

संजीवने खोक्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मीच काढला,” तो म्हणाला.

“काहून?”

“बनवून पाहाचा होता, काकू.” संजीवने गल्ल्याखालचा खण ओढला. आत एक डबा होता. त्याच्या बाजू वाकड्या चिकटल्या होत्या. दारावर गोंदाचे ओघळ होते आणि छत एका अंगाला उचललेलं. “बाबांनी लहानपणी कितीदा म्हटलं, ये बस. मी कधी बसलो नाही. मले दुकान, क्रिकेट. आता गाडी चालली, तर वाटलं एक तरी करून दाखवावा. जमलंच नाही. हे त्यांना दाखवू तरी कसं?”

करुणाबाईंनी तो वाकडा डबा तळहातावर घेतला. संजीवच्या हातांनी वरचा डबा रंगवला असं म्हणणं शक्यच नव्हतं.

“मग डॉक्टरचं काय? गाडी गेली की खोली मोकळी होते. मालाला जागा मिळते.”

“खोली नाही पाहिजे मले.” संजीवचा आवाज एकदम चढला आणि तसाच उतरला. “माझ्या आजोबांना शेवटी कोणीच ओळखू आलं नव्हतं. बाबांचं तसं होईल म्हणून भीती वाटते. दुसरं काही नाही, काकू.”

करुणाबाईंनी डबा परत खणात ठेवला आणि खण स्वतःच बंद केला.

“मंडईच्या दिवशी वर कोण जास्त वेळ होतं?”

“देवाजीकाका होते थोडा वेळ. आईसाठी शिंगाडे घेऊन आले होते, दर वर्षी आणतात. आणि रेणू मॅडम.” संजीव थांबला. “त्या तर आपला डबाच घेऊन आल्या होत्या, बाबांना दाखवाले. एका डबीत. तसाच तांबडा.”

४

रेणू पराते तुमसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. त्यातली एक डब्यांचीच होती. टेबलावर हवेच्या दाबाने रंग फवारायचं यंत्र, तोंडाला लावायचा मास्क, भिंतीवर ओळीने बाटल्या. करुणाबाईंचं काम ऐकून तिने दार लावून घेतलं.

“खरं सांगू? माझ्या मनात आलं होतं,” ती म्हणाली.

“काय आलं होतं?”

“बदलायचं. तो पहिला डबा मी त्यांना दोनदा मागितला. म्हटलं, संग्रहालयात काचेमागे ठेवण्यापेक्षा मला द्या. मी त्यावरून शिकले आहे. त्यांनी हसून नाही म्हटलं. मंडईच्या दिवशी माझा डबा डबीत होता, त्यांचा कपाटात, आणि खोलीत मिनिटभर मी एकटीच होते.”

“मग?”

“मग कोणीतरी जिना चढलं आणि मला माझीच लाज वाटली.” तिने फळीवरून आपला डबा काढून दिला. “हा बघा. तळ बघा, छत बघा.”

तळाला घासल्याची खूण होती. रंग एकसारखा होता, ब्रशाची एकही रेघ नव्हती.

“मी ब्रश वापरतच नाही,” रेणू म्हणाली. “केशवकाकांना ते आवडत नाही. म्हणतात, तुझे डबे कारखान्यातून आजच निघाले असं वाटतं.”

करुणाबाईंनी पिशवीतून बदललेला डबा काढला. त्याच्या बाजूंवर ब्रशाच्या बारीक रेघा होत्या. रेणूने तो भिंगाखाली धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“रंगवणारा माहीतगार आहे. पण एक गंमत आहे. केशवकाका डब्यावर धूळ घालतात ती सगळीकडे सारखी, मँगनीजच्या पुडीची. इथेही तशीच आहे. पण चाकांवरच्या पेट्या बघितल्या? काळं वंगण ओघळल्यासारखं रंगवलंय. काका असं कधी करत नाहीत. ते मालधक्क्यावर उभे राहून डबे बघायचे, वाकून नाही.”

“जिना चढून कोण आलं होतं त्या दिवशी?”

“ते देवाजीकाका. शिंगाड्यांची पिशवी होती हातात.”

करुणाबाई उठल्या. देवाजी मारबते म्हणजे केशवरावांचा तरुणपणापासूनचा मित्र. त्याने जन्मभर तुमसर रोडच्या यार्डात हातोडीने चाकं वाजवून डबे तपासले होते, वाकून वंगण पाहिलं होतं. पण मित्राने मित्राचा डबा चोरावा, आणि तेही तसाच दुसरा बनवून जागेवर ठेवावा? असा डबा विकून काही मिळत नाही. मिरवावा तर घरात ठेवता येत नाही. मग हवा होता कशासाठी?

५

मोहाडीला परत आल्यावर त्यांनी केशवरावांना देवाजीचं नाव सांगितलं नाही. डबा टेबलावर ठेवला आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. शेजारी जानकीबाई दुकानातल्या लुगड्यांना टाचण्या लावत होत्या. टाचण्यांची डबी लवंडली. जानकीबाईंनी नेहमीचा लोहचुंबक काढला आणि टेबलावरून फिरवायला लागल्या.

तांबडा डबा आपोआप सरकला.

कोणी हात लावला नव्हता. चाकं फिरली आणि डबा लोहचुंबकाकडे चालत जाऊन टचकन त्याला चिकटला. जानकीबाई “अगं बाई!” म्हणून मागे सरल्या.

“रेझिनला चुंबक लागतो?” करुणाबाईंनी विचारलं.

“छे,” केशवरावांनी मान हलवली. “आणि चाकं पितळेची.”

“मग आत लोखंड आहे.”

“आत वजन असतं,” केशवराव म्हणाले. “रेझिन फार हलकं. वजन नसलं तर डबा रुळावरून उडतो. तळ चिकटवण्याआधी आत काही जड भरावं लागतं. यात नट भरले असतील. माझ्यात शिसं होतं.” मग ते एकदम म्हणाले, “म्हणून परका लागला हातात. शिसं घट्ट बसवलेलं होतं, एका अंगाला थोडं जास्त. माझा डबा जरा डावीकडे झुकायचा.”

“शिसं कुठून आणलं होतं?”

“देवाजीने दिलं होतं. मणी होते, जाळ्याचे. मासे धरणारे धिवर लोक फेकजाळ्याच्या कडेला बांधतात ना, ते. पहिला डबा बनवला तेव्हा तो सारखा पडायचा. देवाजी एक दिवस आला आणि रुमालात बांधलेले मणी माझ्यासमोर ठेवले. म्हणाला, घाला हे. मी विचारलं नाही कुठले.”

करुणाबाईंनी डबा चुंबकापासून सोडवून घेतला.

“केशवराव, मी जन्मभर एक गोष्ट बघितली. चोर माल नेतो आणि जागा भरून काढायला दुसरं काही ठेवतो. तांदळाच्या पोत्यात भुसा भरतो. जे ठेवतो ते त्याला नको असतं, आणि जे ठेवत नाही तेच त्याने नेलेलं असतं. या माणसाने रंग परत ठेवला, नंबर ठेवला, धूळसुद्धा ठेवली. एकच गोष्ट ठेवली नाही.”

“शिसं,” जानकीबाई म्हणाल्या.

“ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या जाळी आहेत, त्याला शिसाची कमी नाही. तरी त्याने नट भरले. म्हणजे कुठलंही शिसं त्याला चालणार नव्हतं. त्याला तेच शिसं परत पाहिजे होतं.”

केशवराव खिडकीबाहेर बघत होते. चोर म्हणून नाव कोणी घेतलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

“मागितलं असतं तर मी दिलं नसतं का?” ते म्हणाले.

“तेच विचारायला जाते,” करुणाबाई म्हणाल्या.

६

देवाजीचं घर आंबागडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून होतं. मागे गडाचा डोंगर, पुढे पाणी. धान कापून झाले होते आणि भाताच्या बांध्यांत नुसती खुंटं उभी होती. अंगणात तिशीची एक बाई नव्या नायलॉनच्या जाळ्याला शेवटच्या गाठी मारत बसली होती. देवाजी शेजारी बसून सुईत दोरा ओवत होता. एका झटक्यात ओवला.

“डोळे बरे दिसतात, देवाजी,” करुणाबाई म्हणाल्या.

“मोतीबिंदू काहाडला ना, बाई. आता मुंगीबी दिसते.” मग तो एकदम थांबला. करुणाबाई कशाला आल्या हे त्याला कळलं.

करुणाबाईंनी जाळ्याकडे पाहिलं. विणून पूर्ण झालं होतं, गोल, मोठं. पण कड मोकळी होती. तिला एकही मणी नव्हता.

“ही ज्योत्सना, माह्या भावाची पोरगी,” देवाजी घाईने म्हणाला. “नागपूरले नोकरीत होती. आता गावातल्या बायांनी मिळून तलाव घेतला, मासोळीसाठी. तिनंच पुढं होऊन घेतला.”

“बसा, मावशी,” ज्योत्सना म्हणाली. “जाळं झालं, पण मोठेबाबा मणी देऊनच नाई राहिले. बाबाच्या जुन्या जाळ्याचे मणी हायेत म्हणतात, पाहतो म्हणतात. महिना झाला पाहूनच राहिले.” हसत हसत ती चहा ठेवायला आत गेली.

देवाजीने सुई खाली ठेवली.

“इतवारी माहा लहान भाऊ,” तो हळू बोलू लागला. “ह्याच तलावात गेला. ही पोरगी तवा रांगत होती. त्याचं जाळं पाण्यातून काहाडलं, मले पाहवलं नाई. सूत जाळून टाकलं. मणी जळत नाईत. त्यानं सोता मातीच्या साच्यात ओतले होते, वाकडेतिकडे. म्हटलं हे बी घरात नको. केशवभाऊचा डबा सारखा रुळावरून पडे, देऊन टाकले.”

“आणि आता पोरीनं मागितले.”

“मागितले, आन् मी म्हटलं ठेवले हाये. कसा सांगू तिले, तुह्या बापाची एवढीच वस्तू होती तेबी मी कोणाले देल्ली?”

“केशवरावांना का नाही सांगितलं?”

“डबा फोडावा लागते, बाई. तो त्यायचा पहिला डबा. रातंदिस त्याच्यापाशी बसून राहात. म्हटलं, मी म्हणालो तर ते नाई म्हणणार नाईत, फोडून देतील. आन् मंग आपल्या गाडीकडं पाहून झुरतील. त्यापरीस तसाच एक बनवून ठेवतो. कोणाले कळणार नाई, कोणाले दुखणार नाई.”

“त्यांना कळलं, देवाजी. आणि कोणी विश्वास ठेवला नाही. पोरगा डॉक्टरकडे न्यायला निघाला. आपलं डोकं चाललं असं ते स्वतःच समजायला लागले होते.”

देवाजीचा चेहरा पांढरा पडला. त्याने दोन्ही हातांनी गुडघे धरले.

“हे मनात नाई आलं माह्या,” तो म्हणाला. “देवाशपथ नाई आलं.”

तो उठून घरात गेला आणि गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. करुणाबाईंनी उलगडलं. तांबडा डबा होता. तळाला करवतीची एक छोटी खाच पडली होती. बाकी डबा जसाच्या तसा होता.

“कापाले घेतला,” देवाजी म्हणाला. “हात नाई चालला.”

७

दुसऱ्या दिवशी देवाजी स्वतः मोहाडीला आला. जिना चढताना त्याला वेळ लागला. वरच्या खोलीत केशवराव, जानकीबाई, संजीव आणि करुणाबाई होत्या. देवाजीने गमछा टेबलावर ठेवला, सगळं सांगितलं आणि उभाच राहिला.

केशवरावांनी डबा तळहातावर घेतला. तो जरा डावीकडे झुकला. त्यांनी दारावरून, रिव्हेटवरून अंगठा फिरवला. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून मालधक्क्यावर उभं राहावं, लुगड्यांचे गठ्ठे असल्याच तांबड्या दारातून आत जावेत, दार ओढल्याचा तो खडखडाट, हमालांची ओरड, मग गार्डाची हिरवी झेंडी. ते सगळं या डब्यात भरायचं म्हणून त्यांनी वर्षभर डोळे शिणवले होते.

“इतवारी पोहण्यात तुझ्यापेक्षा भारी होता ना रे?” त्यांनी विचारलं.

“लय भारी,” देवाजी म्हणाला.

केशवरावांनी खण उघडून बारीक करवत काढली.

“केशवभाऊ, नका,” देवाजी पुढे झाला. “दुसरे मणी घालीन मी जाळ्याले. पोरीले सांगीन खरं काय ते.”

“सांगायचं तर आहेच. मणी घेऊन सांग.” ते संजीवकडे वळले. “इकडे ये. धर हा. घट्ट नाही, नुसता धर. रेझिन तडकतं.”

संजीव येऊन बसला. त्याने दोन बोटांत डबा धरला आणि वडिलांनी देवाजीच्या खाचेतच करवत लावली. पांढरी पूड टेबलावर पडत राहिली. शेवटी तळ सुटला. आतल्या गोंदाला केशवरावांनी पातीने हळू हळू मोकळं केलं आणि मणी जानकीबाईंच्या ताटलीत पडले. काळपट, वाकडेतिकडे, कुठे बोटाने दाबल्यासारखे चपटे.

डबा दुभंगला होता. संजीव त्याच्याकडे बघत होता.

“बाबा, मी तुमचं ऐकाले पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“डॉक्टरकडे जाऊ आपण,” केशवराव म्हणाले. “नावं विसरतो ते खरं आहे. दाखवून घेऊ. पण डब्याबद्दल विचारशील ना, तर माझं ऐकत जा.”

संजीव हसला आणि मग त्याने चेहरा बाहीने पुसला. थोड्या वेळाने तो खाली गेला आणि गल्ल्याखालचा वाकडा डबा घेऊन आला. केशवरावांनी तो उलटासुलटा पाहिला. “अरे, धुतलाच नाहीस तू भाग,” ते म्हणाले. “साबणाने धुवावे लागतात. नाहीतर काहीच चिकटत नाही.” आणि लगेच बेसिनकडे निघाले.

संग्रहालयाची माणसं आली तेव्हा इंजिनामागे देवाजीने बनवलेला डबा लागलेला होता, चाकांच्या पेट्यांवर काळ्या वंगणासकट. केशवरावांनी त्यांना त्या डब्याखाली देवाजी मारबते असं नाव लिहायला लावलं.

त्यानंतरच्या रविवारी सगळे आंबागडला गेले. देवाजीने ज्योत्सनाला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. मणी तिने स्वतः जाळ्याला बांधले होते. केशवरावांना पाहून ती पुढे आली आणि त्यांच्या पाया पडली.

“रागावली नाहीस ना मोठेबाबांवर?” करुणाबाईंनी विचारलं.

“रागावली होती. रातभर बोलली नाई,” ज्योत्सना म्हणाली. “मंग सकाळी वाटलं, घरात ठेवले असते तर एखांद्या वर्षी तंगीत भंगारवाल्याले गेले असते. आमच्या घरचं पितळ तसंच गेलं. ह्यायनं दुसऱ्याले देल्ले म्हणून तं राहिले.”

देवाजी पाळीवर बसला होता. त्याने नुसती मान हलवली.

ज्योत्सनाने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती कमरेइतक्या पाण्यात शिरली. जाळं खांद्यावर घेतलं, एक कड दातात धरली, अंग वळवलं आणि फेकलं. जाळं हवेत गोल उघडलं आणि सगळी कड एकदम पाण्यावर टेकली. काठावर कोणी श्वास घेतला नाही. तिने दोरी हळूहळू ओढली. जाळ्यात शेवाळ आलं, एक फाटकी चप्पल आली आणि बोटाएवढ्या दोन मासोळ्या.

संजीव मोठ्याने हसला, मग सगळेच हसले, ज्योत्सनाही. तिने मासोळ्या पाण्यात सोडल्या, शेवाळ झटकलं आणि जाळं पुन्हा खांद्यावर घेतलं.